निशाण्यावरच्या मुंग्या झाडणारे पारसशेठ

बंदुकीला हात लावण्याआधी पारसशेठ निशाण्याच्या पुठ्ठ्यावरच्या मुंग्या झाडत. त्यासाठी त्यांच्याकडे पूंजणी होती, मऊ लोकरीच्या धाग्यांची, तळहाताएवढी झाडणी. आधी पुठ्ठा पुढून झाडायचा, मग मागून, मग गच्चीचा कठडा. एवढं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बंदूक उचलायची. ती खांद्याला टेकली की त्यांना शंका यायची. "सर, एक मुंगी परत वर चढनी असं वाटनं." की बंदूक खाली, आणि शेठ परत पुठ्ठ्याकडे. तेवढ्यात ऊन वर यायचं आणि कित्येकदा एकही छर्रा न सुटता आमचा सराव संपायचा.

टाळेबंदीचे दिवस होते, समोरच्या घरातले युसूफभाई टेलर खिडकीत बसून मास्क शिवत असत. एकदा त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "शेठ, मुंगियों का पास निकाल दो. खुद चली जाएँगी." शेठ हसले नाहीत. मुंग्यांना पास लागत नाही, त्या आपल्यापेक्षा बऱ्या, असं काहीतरी पुटपुटले.

पारसशेठ माझे शेजारी. आमच्या गच्च्यांमध्ये गुडघाभर उंचीची भिंत, तीही त्यांच्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून बांधलेली. नंदुरबारच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. रनाळ्यापासून पार डोंगरापर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला त्यांच्याकडे येतात. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, आणि बँकेत गेले की माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. कापड कापण्याआधी घडीत एखादा कसरीचा किडा तर नाही ना, हे पाहण्यासाठी ते ताग्यातलं कापड दोनदा झटकत. गिऱ्हाइकाला वाटे, शेठ माल खुलवून दाखवताहेत. त्यांच्या तोंडी शब्द एकच, 'जयणा'. जपून, कोणालाही इजा होऊ न देता, असा त्याचा अर्थ. जिना उतरताना जयणा, दिवा लावताना जयणा, कपबशी ठेवताना जयणा. सगळं गाव तोंडाला फडकी बांधून फिरू लागलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. आमचे जैन महाराज पिढ्यान् पिढ्या तोंड बांधत आले, सरकारला आत्ता समजलं, असं ते भेटेल त्याला सांगत.

अशा माणसाला नेमबाजीचा छंद लागावा, याला कारण मीच. मी शाळेत शिक्षक, बरीच वर्षं एनसीसीची मुलं सांभाळली. घरात माझी स्वतःची एक छर्‍याची बंदूक आहे. टाळेबंदीत शाळा बंद, काही सुचेना, म्हणून मी गच्चीवर वाळूची पोती रचून, पुढे पुठ्ठा लावून बसू लागलो. शेठ पलीकडून नुसते बघत. एके सकाळी भिंत ओलांडून आले आणि म्हणाले, "सर, हाई बंदूक माले शिकाडशात का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. थंडीत थरथरतो तसा नव्हे. झाडाचं पान वारा नसतानाही हलत राहावं, तसा. कधीपासून, विचारलं तर म्हणाले, दिवाळीपासून. सुरतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही संपत आलेल्या, आणि नवापूरची गुजरात सीमा बंद. "दुकान उघडनं म्हणजे गिऱ्हाइकले कळी जाई," ते म्हणाले. नेम धरायला हात स्थिर लागतो, मग नेम धरता धरता हातही स्थिर होईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला सोबत हवी होती. मी हो म्हणालो.

पुढचे काही दिवस शेठचा मोठा वाद चालला, स्वतःशीच. जैनाने बंदूक धरावी का? कागदाला मारायचं, जीवाला नाही, हे खरं. पण हात बंदुकीचा तो बंदुकीचाच. घरात त्यांच्या पत्नीनं, कमलाभाभींनी, बोलणं बंद केलं नाही, पण बंदुकीचा विषय निघाला की त्या माळ हातात घेत. शेवटी शेठनी एका महाराजांना फोन लावला. महाराजांनी पुष्कळ ऐकून घेतलं आणि मनातला भाव कोणता आहे तो तुमचा तुम्ही तपासा, एवढंच सांगितलं. ही परवानगी की नकार, यावर आम्ही दोघांनी एक अख्खी सकाळ घालवली. मग शेठनी स्वतःवर अटी घातल्या. पुठ्ठ्यावर माणसाचं, पक्ष्याचं, कसलंच चित्र नको, गोल चालेल. पाखरं दाणे टिपून गेल्यावरच सुरुवात. आणि मुंग्यांचं तर मी सांगितलंच.

शिकवताना मात्र ते असे ऐकत, की माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याने कधी ऐकलं नसेल. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि हात आपला आहे हे विसरून घोडा दाबायचा. श्वास रोखल्यावर हात किती वेळ गप्प राहतो, डावा हात खाली टेकवला तर चालतो का, असं ते बारीकसारीक विचारत. एकदा म्हणाले, "निशाणा खाले व्हई तं?" मी म्हटलं, शेठ, निशाणा पायाशी ठेवून कोण मारतं? ते ओशाळले. मला त्यांची गंमत वाटली. रात्री जेवताना मी ती बायकोला सांगून तिला हसवलंही.

छर्रे पुठ्ठ्याला क्वचितच लागत. बहुतेक वाळूत जात. मग एक दिवस एक छर्रा वाळूत गेला नाही. कठड्यावर पाखरांसाठी शेठनीच ठेवलेलं मातीचं भांडं होतं, ते फुटलं. पाखरू एकही नव्हतं. पाणी कठड्यावरून ओघळत खाली गेलं. शेठ बंदूक हातात धरून तसेच उभे राहिले, मग हळूच ती भिंतीला टेकवली आणि खाली गेले. त्या दिवशी त्यांनी उपवास धरला, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या सकाळी माझी बंदूक कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून, वरून दोरी बांधून, बस्त्यातला नग द्यावा तशी भिंतीवर ठेवलेली होती.

मला कोणत्याही गोष्टीची खंत करण्याची जुनी सवय आहे. या वेळी तर कारणही होतं. त्यांचा उपवास सुटल्यावर, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं त्या सुमारास, मी समजूत घालायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं.

कमलाभाभी जमिनीवर आडव्या झाल्या होत्या, डोकं शेठच्या मांडीवर. शेठच्या हातात डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली होती. त्यांनी श्वास अर्धा सोडला, थांबले. डावा हात भाभींच्या कपाळावर टेकवला. थेंब निघाला आणि गालावर पडला. भाभींनी पापणी मिटली आणि म्हणाल्या, गेला आत. शेठनी फडक्याने गाल पुसला. दोघांनाही माहीत होतं.

मी आहे हे शेठना दिसलं. त्यांनी लपवलं नाही. भाभींना काचबिंदू होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यासाठी हे औषध रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आधी दवाखान्यातला कंपाउंडर येऊन टाकून जाई. तो विसरवाडीला घरी गेला तो तिकडेच अडकला. लेक सुरतेला. भाभींची बोटं संधिवाताने वाकडी, त्यांना स्वतःला जमत नव्हतं. मी म्हटलं, माझी बायको येऊन टाकेल, तुम्ही सांगायचं तरी. शेठ बाटलीचं झाकण लावत होते. ते लागेना, म्हणून भाभींनी लावून दिलं.

"आख्खी जिंदगी तिनी मन्हं करं," ते म्हणाले. "आते मन्ही पाळी शे."

तरी माझी बायको जाऊ लागली. काही दिवस सगळं नीट चाललं. मग मला ताप आला, आमचं घर सील झालं आणि दाराला बांबू लागले. त्या काळात शेठ रोज भिंतीपाशी उभे राहून माझी चौकशी करत. औषधाचं मी विचारलं की चालू आहे म्हणत. बांबू निघाले तेव्हा भाभींना दारातलं माणूस आवाजावरून ओळखावं लागत होतं.

पुढे सीमा उघडली, ते दोघे सुरतेला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, औषध वेळेवर गेलं असतं तरी खात्री नव्हती. शेठनी हे मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं, हे मला कळलं. डॉक्टरांनी औषध बंद केलं होतं.

आता दुकान त्यांचा पुतण्या बघतो. शेठ गादीवर बसतात, कात्रीला हात लावत नाहीत. परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर तेच दृश्य. भाभींचं डोकं मांडीवर, शेठच्या हातात बाटली. मी चपापलो. शेठ म्हणाले, गुलाबपाणी आहे, थंड वाटतं तिला. त्यांचा हात आता फारच हलतो. एक थेंब कपाळावर पडला, एक नाकावर. ते थांबले, परत श्वास सोडून नेम धरू लागले.

भाभींनी चाचपडत त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता कुठेही पडू द्या."