शमुवेल मिस्त्रींच्या जळक्या काड्या

शमुवेल मिस्त्री बिडी ओढत नसत, सिगारेट तर नाहीच. तरी त्यांच्या खाकी सदऱ्याच्या दोन्ही खिशांत एकेक काड्यापेटी असे. डाव्या खिशातल्या पेटीत कोऱ्या काड्या, उजव्या खिशातल्या पेटीत जळक्या. कोऱ्या ते दुकानातून आणत. जळक्या मात्र गोळा कराव्या लागत. कँटीनमध्ये कुणी बिडी शिलगावली की मिस्त्री दोन बोटं पुढे करून उभे राहत. "टाकू नका. इकडं द्या."

मी केमिस्ट म्हणून त्या साखर कारखान्यात रुजू झालो तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. माझी पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी मी सिगारेट पेटवली आणि एका पन्नाशीच्या, उंच, काळ्यासावळ्या माणसाने माझ्या हातातली काडी काढून, फुंकर मारून खिशात घातली. मला वाटलं, वेडा आहे. आठवडाभराने वाटलं, बराच वेडा आहे.

मिस्त्री मिल विभागात फिटर होते. राहायला श्रीरामपूरला, चर्चच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांत एकटेच. रोज सायकलने येत. मिलमधल्या कुठल्या बेअरिंगला काय होतंय हे ते नुसतं लोखंडावर हात ठेवून सांगत. पण त्यांचा खरा नाद वेगळाच होता. कुठलीही अडचण सांगा, ते विचारत, "त्याच्या आधी काय?"

कँटीनचा चहा गार आहे, एवढंच मी एकदा बोललो. मिस्त्री उठले, भटारखान्यात गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. "लाकडं वली हायेत. लाकडं वली का, तर छपराचा पत्रा उडालाय. पत्रा बसवला का न्हाई, तर सुतार तुमच्यावर रुसलाय."

"माझ्यावर?"

"तुमी परवा त्याला लॅबोरेटरीच्या दारातून हाकललं न्हाई का? आता प्या गार."

एकदा एसटी पाऊण तास उशिरा आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला असंच धरलं. "त्याच्या आधी काय?" विचारत विचारत ते ड्रायव्हरच्या सासूपर्यंत पोचले. गाडी तोवर आणखी वीस मिनिटं लेट झाली.

या नादासाठी काड्या लागत. टेबलावर ते हाताला लागेल ते मांडत. पेला म्हणजे मिल, मिठाची वाटी म्हणजे ऊस, माझा चष्मा म्हणजे बॉयलर. मग एका वस्तूकडून दुसरीकडे काडी ठेवायची. गुलाचं टोक जिकडे, तिकडे परिणाम. एका गोष्टीने दुसरीला मदत होत असेल तर कोरी काडी, खोळंबा होत असेल तर जळकी. जळकीला ते आडकाडी म्हणत. "सुटं काय नसतं साहेब. एक वढलं की दुसरं हालतं. लोक एक काडी बघत्यात आन् तीच मोडत्यात." माझा चष्मा त्या हंगामात इतक्या वेळा बॉयलर झाला की काचेवर मिठाचे ओरखडे पडले.

लोक हसत. मीही हसत असे. पण त्या वर्षी कारखान्याला हसण्यासारखं काही नव्हतं.

मिल रोज सकाळी बंद पडायची. ऊसच नसायचा. गव्हाण, म्हणजे मिलकडे ऊस नेणारा लोखंडी पट्टा, रिकामी फिरायची. मिल बंद म्हणजे चिपाड नाही, चिपाड नाही म्हणजे बॉयलरला जळण नाही, म्हणून वाफ उतरायची. आणि संध्याकाळी एकाच वेळी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची थेट कोल्हारच्या रस्त्यापर्यंत. वाफ कमी असल्यामुळे मिल हळू, मिल हळू म्हणून रांग लांब, रांगेत ऊस वाळतो, वाळलेल्या उसात रस नाही. माझ्या प्रयोगशाळेत रोज उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा, आकडा खाली, आणि वरून चौकशी, केमिस्ट काय करतोय?

चीफ इंजिनिअर कानडे साहेब हे कडक गृहस्थ. त्यांनी सुधारणा मोहीम काढली. फलक लागला: ज्या विभागामुळे मिल थांबेल त्या विभागाने त्याच दिवशी लेखी खुलासा द्यावा.

झालं. कारखाना साखर कमी आणि खुलासे जास्त काढू लागला. शेतकी खातं लिही, ऊस होता पण वजनकाटा बंद होता. काट्यावरचे लिहीत, काटा चालू होता पण बॉयलरला वाफ नव्हती. बॉयलरवाले लिहीत, वाफ होती पण केमिस्टने चिपाडावर पाणी जास्त मारलं. मी काय लिहिलं ते आता सांगत नाही.

मिस्त्रींनी जळकी काडी टेबलावर ठेवली. "ह्यो खुलासा. बघा आता, लोकं लपवाया लागतील."

तसंच झालं. तिसऱ्या मिलचं एक बेअरिंग गरम होत होतं. पाळीवरच्या माणसाला ते कळलं होतं, पण सांगितलं तर मिल थांबवावी लागणार आणि खुलासा त्याच्या नावावर येणार. त्याने ओलं गोणपाट घातलं आणि गप्प बसला. पुढच्या पाळीत बेअरिंग जाम झालं. सबंध दिवस मिल उभी. मिस्त्रींनी अंगावर तेल घेत ते बदललं आणि तसेच, काळ्या हातांनी, कानडे साहेबांच्या खोलीत शिरले. मला बरोबर ओढलं होतं, चष्म्यासाठी.

साहेबांच्या काचेच्या टेबलावर त्यांनी सगळा कारखाना मांडला. शाईची दौत मिल, माझा चष्मा बॉयलर, साहेबांचं घड्याळ गाडीतळ. काड्या लावत लावत ते बोलत होते. बैलांना पाणी कालव्यावरच, म्हणून गाडीवान रांग सोडून जातात. परत आल्यावर नंबरावरून मारामाऱ्या. मारामारीत काटा थांबतो. काटा थांबला की गव्हाण रिकामी. आणि या सगळ्यांत साहेबांचा खुलासा, जळक्या काड्यांचा एक जुडगाच.

"मिस्त्री," कानडे साहेब म्हणाले, "मी इथं कारखाना चालवतो. काड्या मोजत नाही."

"मोजू नका. पंधरा दिस द्या. खुलासे बंद करा, गाडीतळावर बैलांना पान्याचा हौद बांधा, आन् गाडी आली की नंबराचा बिल्ला द्या. न्हाई जमलं तर मी पाना हितंच ठिवतो आन् घरी जातो."

आवाज चढला नव्हता. पण माणूस जागचा हलणार नाही हे दिसत होतं. साहेबांनी दौत उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पंधरा दिवस. आणि माझं घड्याळ द्या."

खुलासे थांबले. हौद झाला. बिल्ले झाले. आणि पहिल्या आठवड्यात परिस्थिती आणखी बिघडली. बैलांना जागेवरच पाणी, नंबर पक्का, म्हटल्यावर सगळेच गाडीवान पुढचा नंबर धरायला आदल्या संध्याकाळीच येऊन बसू लागले. रांग दुप्पट, ऊस दुप्पट वाळलेला, आणि सकाळ चढली की गाडीतळ रिकामा होऊन गव्हाण पुन्हा कोरडी. कँटीनमध्ये लोक मिस्त्रींना मुद्दाम जळक्या काड्या नेऊन देऊ लागले.

मिस्त्री चिडले नाहीत. तीन दिवस ते फक्त मांडत राहिले आणि मोडत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाले, "माझीच काडी उलटी पडली साहेब. चला गाडीतळावर."

तिथे भीमा आव्हाड नावाचा गाडीवान भेटला. पाथर्डीकडचा, ऊसतोड टोळीबरोबर आलेला, बैलांच्या अंगावर पाणी मारत होता. मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "भीमा, समदे संध्याकाळीच का येता?"

भीमा हसला. "इतके दिस झाले मिस्त्री, आमच्या गाड्यांवर समद्यांनी हिसाब मांडला. आमाला कुनी इचारलंच न्हाई."

मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला. का ते मला तेव्हा कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आता इचारतो. सांग."

भीमाने सांगितलं ते अगदी साधं होतं. टोळी सकाळी तोडते, दुपारी गाडी भरते, म्हणून गाड्या संध्याकाळी येतात. अर्ध्या टोळ्या दुपारी तोडून पहाटे गाडी भरायला तयार आहेत, पण सकाळी पोचलं तर पुढे रात्रीच्या गाड्या बसलेल्या, मग कशाला? "नंबर हितं देऊ नका. तिकडं उसाच्या फडातच द्या. तुजी गाडी आठला, तुजी चारला. मंग आमी कशाला येऊन बसतोय?"

मिस्त्रींनी मान हलवली. पंधरातले बारा दिवस संपले होते. त्या संध्याकाळी ते टोळ्यांच्या मुकादमांना सायकलवरून जाऊन भेटले, एकेका फडात. कुणी ऐकलं, कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडे ते सकाळी पुन्हा गेले. चाक पंक्चर झालं तेव्हा सायकल हातात धरून गेले. वेळेच्या चिठ्ठ्या फडात वाटल्या गेल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासत होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मिल थांबलेली नाही. बाहेर आलो. गव्हाणीवर ऊस होता, शेंड्याचे हिरवे वाढे अजून ताजे. गाडीतळावर दहा-बारा गाड्या, बास. पंधराव्या दिवशीही तेच. आठवड्यात उतारा वर सरकू लागला. कानडे साहेब खाली आले, मिस्त्रींच्या तेलकट हातात हात दिला आणि खुलाशाचा फलक स्वतः काढून नेला.

हंगाम संपल्यावर साहेबांनी त्यांना आठ दिवसांची रजा बळेच दिली. कित्येक वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल.

"भागवतसाहेब, राजूरला याल का माझ्यासंगं?"

"तिथं कोण आहे?"

"लेक. रूथ. तिथं दवाखान्यात नर्स हाय." ते दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होते. "चार वर्सं झाली. तिनं तिकडच्या एका मास्तराशी लगीन केलं, आपल्यातला न्हाई. मी गेलो न्हाई. तिची आई नव्हती, म्या एकट्यानं वाढवलं, आन् तिनं सांगितलं न्हाई, ह्यावर मी अडून बसलो. भीमा बोलला तवापासून डोक्यात हाय. तिनं का सांगितलं न्हाई, हे म्या तिला इचारलंच न्हाई."

आम्ही निघालो. संगमनेरला गाडी बदलली, अकोले गावी पुन्हा बदलली. घाट चढताना ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी ऐकत नाही असं दाखवलं.

राजूरला बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या ओसरीवर डोंगरातून आलेल्या बायाबापड्यांची गर्दी. रूथ एका पोराच्या हाताला पट्टी बांधत होती. वर पाहिलं आणि तिचे हात थांबले.

मिस्त्री घोकलेलं सगळं विसरले असावेत. "पोरी," ते म्हणाले, "तुजं काय झालं हुतं ते सांग. मी ऐकाया आलोय."

तिने पट्टीची गाठ मारली. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "ड्युटी आहे माझी. वेळ लागेल."

"लागू दे."

ते पेशंटांच्या बाकावर बसले, एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी. मी दोनदा चहा पिऊन आलो, बाजार फिरून आलो. ते तिथेच होते, हात गुडघ्यांवर, नजर खाली. रूथ त्यांच्यासमोरून औषधं घेऊन ये-जा करत होती, बघत नव्हती. एकदा मात्र तिने जाता जाता पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि तशीच पुढे गेली. ते हळूहळू, घोट घोट करून सगळं पाणी प्याले.

एक वाजता गर्दी ओसरली. तिने डोक्यावरची पांढरी टोपी काढली, एक स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसली.

"पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून सांग."

ती बोलू लागली. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. मी माझी पिशवी उचलली आणि त्या दोघांच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने ओसरीवरून उतरलो. परतीची गाडी तीनची होती. ती मी एकट्यानेच धरली.