भोयर गुरुजींची सरळ रेघ

भोयर गुरुजींसमोर कुठलीही गोष्ट मोठी, लहान, उंच, ठेंगणी, बरी किंवा वाईट आहे असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं रे म्हटलं की त्यांचा चष्मा नाकावरून कपाळावर जायचा आणि प्रश्न यायचा, "कायच्या मानानं?"

आज ऊन फार आहे म्हणा, "कायच्या मानानं?" वरणात मीठ जास्त झालं म्हणा, "कायच्या मानानं? वरनाच्या का तुमच्या जिभेच्या?" एकदा गावातली काही मंडळी शेजारच्या गावी मुलगी पाहून आली आणि पारावर बसून सांगू लागली, की सगळं ठीक आहे, मुलगी तेवढी जराशी उंच वाटते. गुरुजी तिथेच होते. त्यांनी विचारलं, "कायच्या मानानं? दरवाज्याच्या का पोराच्या?" नवरदेव बापाच्या मागे बसला होता. त्याची उंची बेताचीच होती, आणि हे तोपर्यंत कोणी बोलून दाखवलं नव्हतं. त्यानंतर गुरुजींना लग्नाच्या बोलणीला कोणी बोलावलं नाही. जेवायला मात्र बोलवत, कारण आग्रहाची वाट न पाहता ते पोटभर जेवत.

चांदा जिल्ह्यात सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या काठच्या एका गावात आमचं मिडल स्कूल होतं. स्वातंत्र्य नवंनवं होतं आणि शाळा त्याहून नवी. मी भाषा शिकवायचो, गुरुजी गणित. भिंत एकच, तीही कुडाची, त्यामुळे त्यांचं गणित माझ्या वर्गाला आणि माझ्या कविता त्यांच्या वर्गाला फुकट मिळत. कविता कोणाच्या लक्षात राहिल्या असतील असं वाटत नाही. गणित मात्र माझ्याही डोक्यात बसलं.

प्रमाण शिकवताना गुरुजी खडू हातात धरत नसत. शाळेच्या मागे तीन दगडांची चूल मांडत आणि मुलांच्या टोळ्या करून प्रत्येकीला थोडे थोडे तांदूळ देत. एका वाटीला पाणी किती, हे ते सांगत. पुढचं ज्याचं त्यानं काढायचं आणि शिजवायचं. उत्तर बरोबर आलं तर भात, चुकलं तर पेज. आणि नियम असा, की जे होईल ते त्या टोळीनं संपवायचं. "आपलं गनित आपन खा," गुरुजी म्हणत. आमच्याकडे गणितात नापास झालेली मुलं पातळ भाताच्या वासानं ओळखू येत.

एका वर्षी एका मुलानं चूल पेटवण्याआधीच हात वर केला. "गुरुजी, तांदूर नवा होय का जुना?" नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे धानाच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते गणिताच्या तासाला विचारायचं असतं हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं. गुरुजी इतके खूश झाले, की त्यांनी त्या मुलाला दोनदा जेवू घातलं आणि स्वतः उपाशी राहिले.

चढ शिकवायला तलावाची पाळ. मुलांनी दोरी आणि बांबू घेऊन पाळीवर चढायचं, आडवं किती गेलो आणि उभं किती चढलो ते मोजायचं. डेप्टीसाहेब तपासणीला आले तेव्हा वर्ग असाच पाळीवर होता. साहेब धापा टाकत वर आले आणि त्यांनी एका मुलाला विचारलं, "चढ म्हणजे काय रे?"

"आडवं किती गेलो अन् उभं किती गेलो, थ्याचा हिसाब."

"उदाहरण दे."

"आता साहेब, तुमाले पाळ चढाले दम लागला, आमाले नाई लागला. पन चढ दोघाईले सारखाच होता."

साहेबांनी घाम पुसला आणि पुढचा प्रश्न इतिहासाचा विचारला.

गुरुजींचं खरं प्रेम मात्र नदीवर होतं. तिथे तेव्हा पूल नव्हता. नदी भरली की डोंगा, म्हणजे आमची लाकडी नाव, बंद, आणि पलीकडचा गडचिरोलीचा काठ नुसता दिसायचा. गुरुजींनी घाटाजवळ बोटाबोटावर खुणा केलेला एक बांबू रोवला होता. रोज सकाळी दोन मुलांनी जाऊन पाणी कितव्या खुणेला आहे ते बघून यायचं. वर्गाच्या मागच्या भिंतीला चुना लावून कोळशानं चौकटी आखल्या होत्या. दिवस आडवे, पाणी उभं. रोज एक ठिपका पडायचा. ठिपके जोडले की रेघ. रेघ खडी असेल तर नदी झपाट्यानं उतरून राह्यली, आडवी पडली तर सुस्तावली. वेगाचा बदल म्हणजे काय, हे मुलांना असं रोज डोळ्यांनी दिसायचं.

हळूहळू गावही भिंतीपाशी यायला लागलं. कोणाला पलीकडे बहिणीकडे जायचं, कोणाला बैल पाहायचे. गुरुजी रेघ पुढे वाढवून सांगत, अमुक दिवशी डोंगा सुटेल. ते चुकत नसत, कारण एक आकडा तीनदा पडताळल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. वाण्याकडून गूळ घेतला तरी तराजूची पारडी बदलून पुन्हा तोलायला लावणारा माणूस तो.

त्या वर्षी आश्विन लागला तरी नदी उतरेना. रेघ आडवी ती आडवीच. गुरुजी मधल्या सुट्टीत भिंतीसमोर उभे राहत आणि कोणी बोललं तर वसकन अंगावर येत. मग एका सकाळी मुलं पळत आली. पाणी एकदम कितीतरी बोटं खाली गेलं होतं! भिंतीवरची रेघ पाळीवरून उडी मारावी तशी खाली आली. गुरुजींनी ठिपका पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्या डोंगा सुटते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अर्धं गाव गाठोडी घेऊन घाटावर. सगळ्यांच्या पुढे गुरुजी, धुतलेलं धोतर, काखेत पिशवी. समोर नदी दोन्ही थड्या भरून, गढूळ, कालच्याइतकीच.

डोंगा चालवणारा मारोती ढिवर आरामात बिडी ओढत होता. त्यानं गर्दी पाहिली, बांबू पाहिला आणि त्याच्या ध्यानात आलं. "अरे बापा! थो बांबू म्याच काढला होता जी. डोंगा गाऱ्यात फसला, ढकलाले काई भेटलं नाई. मंग दिला पुन्हा गाडून. जराशीक वरतं गाडला असन."

लोक पोट धरून हसले. गणितानं गुरुजींना पेज खायला लावली, असंही कोणी म्हणालं, आणि गाठोडी उचलून सगळे परतले. गुरुजी एका दगडावर बसून राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो. मला हसू नव्हतं येत. एका रात्रीत नदी इतकी उतरेल का, हा साधा प्रश्न या माणसाला पडला कसा नाही, एवढंच डोक्यात होतं.

"गुरुजी, तुम्ही पडताळलं कसं नाही?"

"मले उतराले पायजे होती ना ते," ते म्हणाले.

आणि त्यांनी पिशवी उघडली. आत नवा फराक होता, पिवळा, गळ्याला झालर लावलेला. तेव्हा मला कळलं, की गुरुजींना एक मुलगी आहे. बायको वारली, आणि पोर पलीकडे आजोळी आजीजवळ वाढत होती. सुट्टीत गुरुजी पलीकडे जात ते शेती बघायला, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"शिंपी म्हने पोरगी आना. कुठून आनू? मंग माप काढलो. मांगच्या दिवाळीले थिची उंची दाराले लावली होती, उन्हाळ्यात पुन्हा लावली. दोन ठिपके भेटले. रेघ वाढवली पुढं." ते फराकाची झालर सारखी करत होते. "बरोबर येते पाहा."

नदी उतरली ती दिवाळीच्या सुट्टीत. गुरुजींनी मला सोबत चला म्हटलं. एरवी ते कोणाला काही मागत नसत, म्हणून मी गेलो.

त्यांची पोर, शेवंता, अंगणात आजीच्या मागे उभी होती. गुरुजींना पाहून तिनं हात जोडले, शाळेत साहेब आल्यावर मुलं जोडतात तसे. फराक मात्र आवडला. आजीनं तिच्या डोक्यातून घातला आणि तो खांद्याशीच अडला. एक हात आत, एक वर, आणि फराकातून नुसतं खिदळणं ऐकू येत होतं. आजीही हसली. "पावसायात पोरं धानावानी वाढते, गुरुजी. तुमाले कोन सांगन?"

गुरुजी हसायला गेले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तो फराक हळूच सोडवून घेतला आणि कितीतरी वेळ घडी घालत बसले. त्यांची रेघ सरळ होती. तिसरा ठिपका तिच्यावर नव्हता, बस.

त्यांनी तिला न्यायची गोष्ट दर वर्षी काढावी आणि आजीनं दर वर्षी मोडावी, हे तिथेच मला समजलं. एकट्या पुरुषाच्या घरी पोरीची वेणी कोण घालणार, हा आजीचा सवाल, आणि गुरुजी त्यावर हिशेब मांडत बसत. या वेळी त्यांनी काहीच मांडून दाखवलं नाही. म्हणाले, "आई, थे वाढून राह्यली, अन् म्या पाहून नाई राह्यलो." आजी उठून चुलीकडे गेली.

आम्ही निघालो त्या सकाळी आजी घाटावर आमच्या आधी हजर होती. एका हाताला शेवंता, डोक्यावर बोचकं, काखेतल्या टोपलीत कोंबडी. "येनी म्या घालीन," ती म्हणाली, "पन माही कोंबडी कोनी कापाची नाई." गुरुजींनी मान हलवली.

डोंगा मध्यावर आला. पोर आजीला टेकून गुरुजींकडे टक लावून बघत होती. मग तिनं आदबीनं विचारलं, "गुरुजी, आता तुमी कवा जासान?"

आजी ओशाळली. "दरखेपेस असंच इचारते. तुमी आले का थिले वाटते, आता जाते."

गुरुजींनी चष्मा काढला. मला वाटलं, ते तिला समजावून सांगतील, आपण कोणाच्या घरी चाललोय ते. पण ते पुढे सरकले आणि डोंग्याच्या पाण्यात भिजलेली तिची पावलं त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"नाई जात, बाई," ते म्हणाले. "मी कुठीच नाई जात."

पोरीनं एकदा आजीकडे पाहिलं. मग दुसरं पाऊल पुसायला पुढे केलं.