मास्तरांचा विक्रम

आज संध्याकाळच्या आत विक्रमी आकडा काढून दाखवतो, असं मास्तरांनी सकाळी चहा पितानाच जाहीर करून टाकलं होतं. मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतले लेझरचे प्रमुख. कुणी न विचारताही समजावून सांगायची भारी हौस, म्हणून हे नाव पडलेलं.

त्यांचं काम तसं अवघडच. मोठ्या पोलादी भांड्यात वायू इतका तापवायचा की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन त्याचा प्लाझ्मा व्हावा. त्यात थर्मामीटर घालायची सोय नाही, त्याचीच वाफ व्हायची. म्हणून काचेच्या खिडकीतून लेझरचा झोत आत सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरलेला प्रकाश पकडायचा. प्रकाश जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन दाट. त्याचा रंग जितका पसरलेला, तितके ते तापलेले.

ती काच पुसायचं काम एका तंत्रज्ञ मुलीकडे होतं. हातमोजे, खास कागद, वीस मिनिटं. त्या दिवशी मास्तरांना धीर धरवेना. त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि उघड्या हातानेच बाहेरून काच पुसून टाकली. सर, निदान मोजे तरी घाला, असं ती म्हणाली. त्यावर तू शाळेत होतीस तेव्हापासून मी काचा पुसतोय, हे तिला चारचौघांत ऐकावं लागलं.

पहिलाच झोत सुटला आणि पडद्यावरची घनता आजवरच्या आकड्याच्या सहापट! तापमान मात्र जवळपास शून्य दिसत होतं. एरवी एवढ्यावरच मास्तरांचे कान टवकारले असते. त्या दिवशी त्यांनी उपकरणाला नावं ठेवली आणि थेट संचालकांची खोली गाठली.

अर्ध्या तासात सगळे सभागृहात जमले. मास्तरांनी घरी फोन करून बायकोलाही कळवून टाकलं. मग माईक हातात घेऊन ते समोर बसलेल्या तंत्रज्ञ मुलीकडे बघत म्हणाले, की काही जणांच्या फाजील काळजीमुळेच हा दिवस उगवायला इतका उशीर झाला. लोक हसले. ती उठली, पुढे आली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"सर, त्या वेळी आत प्लाझ्मा नव्हता."

"म्हणजे?"

"चुंबकाचा प्रवाह चढलाच नाही, म्हणजे वायू तापलाच नाही. नुसता लेझर सुटला. वहीत लिहिलंय मी."

मास्तरांनी माईक तोंडापासून लांब धरला. रिकाम्या भांड्याची घनता मोजून ते विक्रमवीर झाले होते!

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"अजून तरी कुणाला नाही," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

हेच त्यांना जास्त लागलं. तिने ओरडून सांगितलं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं. माईक हातात तसाच होता, संचालक टाळ्यांसाठी हात वर करून बसले होते. मास्तरांनी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. काचेचं मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. ते नंतर प्रयोगशाळेत जाऊन संचालकांनी स्वतः बॅटरी मारून शोधलं. काचेवर एक अंगठा, लेझरने भाजून कायमचा उमटलेला. त्याच्यावरूनच प्रकाश विखुरत होता. हा कुणाचा, असं संचालकांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

रात्रभर त्यांनी माफीचं भाषण मनात घोळवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी नवी काच बसवत होती. पंपांचा घरघराट चालू होता, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नव्हतं. मास्तर अगदी जवळ गेले, वाकले आणि कुजबुजले, "काल मी तुला जे बोललो..."

तिने मान वर केली नाही.

"सर, बोलायचं असेल तर त्या पिवळ्या रेषेमागे उभं राहून बोला. काचेवर थुंकी उडते."

रेषा पंधरा पावलांवर होती. मास्तर त्या रेषेमागे जाऊन उभे राहिले आणि पंपांच्या वर आवाज चढवून त्यांनी अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशी माफी मागितली.

"पुन्हा सांगा, सर," ती म्हणाली. "शेवटचं नीट ऐकू आलं नाही."