अर्ज करणारी दांडी

आमचे डहाणूतले शेजारी पांडुकाका रिक्षात बसायच्या आधी तिचं हँडल दोन्ही बाजूंना फिरवून बघतात. रिक्षावाले आता रागावत नाहीत. काका तीस वर्षं मासेमारी बोटीचे तांडेल होते. दुसऱ्याच्या हातातल्या सुकाणूवर त्यांचा विश्वास नाही.

त्यांची पुतणी हेमा. तिचे वडील समुद्रात गेले तेव्हापासून काकांनीच तिला वाढवलं. २०१७ साली ती सहवैमानिक झाली, तेव्हा आळीने पेढे खाल्ले आणि काकांनी पेढा हातात धरून तिची उलटतपासणी घेतली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तहसील कचेरीत कारकून, म्हणून साक्षीला मला बसवलं.

हेमाने सांगितलं, तिच्या हातातली दांडी थेट पंख-शेपटीला जोडलेली नसते. ती ओढली की संगणकाला कळतं आणि तो पुढे हलवतो. पण कितीही ओढा, ठरलेल्या मर्यादेपलीकडे तो नाक वर जाऊ देत नाही, की विमान कलू देत नाही.

"म्हणजे तू हुकूम देत नाय, अर्ज करतेस," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, तुमच्या कचेरीसारखंच. मंजूर करणारा दिसत नाय."

मला लागलं.

पुढे ती सुट्टीवर आली की चौकशी सुरूच. एकदा विचारलं, त्या संगणकालाच खोटं कळलं तर? ती म्हणाली, मग कधीकधी तो अडवायचं सोडतो, तसं समोर लिहून येतं, आणि विमान आम्ही वळवू तसं वळतं.

"बाजूला होतो की पळतो?" काकांनी पेढ्याचा डबा संशयाने बंद केला.

गेल्या वर्षी हेमाने ती स्वतः चालवणार होती त्या विमानाचं तिकीट त्यांना पाठवलं. काका चार दिवस बोलले नाहीत. तिने मला फोन केला, "दादा, ते नाही आले तर मला वाटेल माझ्यावरच विश्वास नाही."

मी गेलो तेव्हा काका ओसरीवर तिकीट घेऊन बसले होते.

"घाबरून कोणी एकदम वळवलं, तरी तो संगणक ऐकत नाय ना?"

"प्रमाणाबाहेर नाही ऐकत, काका."

त्यांनी तिकीट मांडीवर ठेवलं.

"हेमाचा बाप वाकून जाळं ओढत होता. लाट आली. मी घाबरलो, सुकाणू पुरं फिरवलं. बोट कलली, तो पाण्यात गेला." मग हळूच म्हणाले, "माझं लगेच ऐकलं सुकाणूनं."

थोड्या वेळाने त्यांनी तिकीट माझ्यापुढे केलं. नाव बरोबर छापलंय का, नीट बघा म्हणाले.