याची पूजा करू नये

संगणक बिघडत नाही, माणसं तो बिघडवतात, असं अपेक्षाचं ठाम मत होतं! विश्रामबागेतल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ. ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती अहवाल लिहीत असे, तो तिने दोन वर्षं खपून अंगच्या कपड्यासारखा स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. काळी पार्श्वभूमी, मातीच्या सामूचे आकडे हिरवे, क्षारतेचे लाल, आणि एक बटण दाबलं की अख्खा तक्ता हजर!

प्रयोगशाळेचे हेडक्लार्क आप्पासो हे फौजेतून निवृत्त झालेले. खंडेनवमीला ते झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहत. म्हणून आदल्या दिवशीच अपेक्षाने कीबोर्डवर कागद पसरला, चारी बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, 'याची पूजा करू नये.'

दसरा उलटला. तिने कागद टरकावला, एडिटर उघडला आणि लिहू लागली. एक अक्षर उमटेना! एका बटणाने शोधायची चौकट उघडली, दुसऱ्याने नवी फाइल, तिसऱ्याने होती तीच फाइल बंद! माउसचं चाक फिरवलं, तर अक्षरं भाकरीएवढी झाली.

"आप्पासो! माझ्या कीबोर्डला कुंकू लावलंत?"

"आवं म्याडम, सरहद्दीवर तोफंला भ्यालो न्हाई, तेवढा तुमच्या कागदाला भ्यालो! लांबनंच नमस्कार केला."

"नमस्कार तरी कशाला केलात?"

बाकावर पलूसच्या मनुबाई सकाळपासून बसून होत्या. ठिबकच्या अनुदानाच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस. चारच्या आत मातीचा अहवाल ऑनलाइन जोडला नाही, तर वर्ष गेलं.

"ताई, हातानं लिवून द्या की!"

"हाताने लिहिलेला चालत नाही, मावशी. थांबा. दोष पद्धतशीर शोधावा लागतो."

पद्धत म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने आधी तक्त्याचं बटण काढलं. मग रंग. मग काळी पार्श्वभूमी. साडेतीनला उरलेली सेटिंग्जची फाइलही उडवली. दोन वर्षांचा संसार गेला! पडदा भगरीसारखा पांढराफटक झाला, आणि अक्षर तरीही उमटेना.

"कसले एडिटर बनवतात हे लोक! लाज कशी वाटत नाही?"

"माजा कीबोर्ड लावून बघा की," आप्पासोंनी आपला पुढे केला. बटणांच्या फटीत हळद, स्पेसबारखाली झेंडूची पाकळी!

"हा? यंत्र आहे का देव्हारा?"

"ताई, चार वाजाय आलं वो," मनुबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

अपेक्षाने नाक मुरडून कीबोर्ड बदलला. अक्षरं धो धो उमटली! चारला पाच मिनिटं कमी असताना अहवाल अर्जाला जोडला गेला.

"बघितलंसा? पूजेचा गुण!" आप्पासोंनी छाती फुगवली.

"व्हय बाई. देवाचं आसतंयच," मनुबाईंनी हात जोडले.

गुण म्हणे! आता यांना शास्त्रच दाखवते, म्हणत अपेक्षाने आपला कीबोर्ड उजेडात धरला. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या बटणावरून एक पारदर्शक पट्टी करकचून खाली चिकटली होती. कागद चिकटवल्यापासून बटण दाबलेलंच, म्हणून प्रत्येक अक्षर उमटण्याऐवजी संगणकाला हुकूम देत होतं. पट्टीला कागदाचा एक कपटा तेवढा लटकत होता. त्यावर तिच्याच वळणदार अक्षरात 'नये'.

दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पुराव्याशिवाय एक वाक्य न बोललेल्या अपेक्षाने पट्टी हळूच उपटली आणि मुठीत चुरगाळली.

"असेल," ती म्हणाली. "आप्पासो, थोडं कुंकू उरलंय का?"