रास्त किमतीची सरासरी

गणिताच्या निवृत्त मास्तरांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की दोन महिने, आठवड्यातून तीनदा, दवाखान्यात येऊन व्यायाम करायचा. हयगय केलीत तर गुडघा कायमचा आखडेल. बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. सबब, चारचाकी घ्यायचं ठरलं. मॉडेलही ठरलं, इमारतीत अकरा जणांकडे होतं तेच. आता फक्त रास्त किंमत ठरायची होती.

शोरूमवाल्याच्या शब्दावर विसंबतील ते मास्तर कसले. त्यांनी दोनशे पानी वहीत समास आखला आणि अकराही घरांच्या बेल वाजवल्या. दहा जणांनी आधी दार नीट लावून घेतलं, मग आवाज खाली आणून आकडा सांगितला आणि वर जोडलं, ‘‘कुणाला बोलू नका, मला खास म्हणून दिली.’’ दहाही जणांना खास म्हणूनच मिळाली होती. अकरावा तळमजल्यावरचा शिंपी. त्याने मशीन थांबवून कपाटातली पावतीच पुढे ठेवली : सात लाख ऐंशी हजार. मास्तरांना त्याची कीव आली. इतरांपेक्षा जवळजवळ सत्तर हजार जास्त! त्यांनी त्या आकड्यावर तांबडी रेघ मारली, समासात ‘विसंगत नोंद’ असा शेरा लिहिला आणि उरलेल्या दहांची सरासरी काढली. सात लाख बारा हजार चारशे पन्नास. शिंपी फसला ही बातमी संध्याकाळपर्यंत गच्चीपर्यंत चढली.

या संशोधनात तीन आठवडे गेले. मधल्या काळात भाड्याची गाडी करू, असं पत्नीने सुचवून पाहिलं. मास्तर म्हणाले, भाड्याला पैसे घालवायचे तर एवढा अभ्यास कशासाठी? पत्नी पलंगाची दांडी धरून जमेल तेवढा पाय वाकवत राहिली.

शोरूममध्ये हल्ली विक्रेते नसतात, सल्लागार असतात. सल्लागार बाईंनी किमतीचा कागद पुढे केला. मास्तरांनी तो उत्तरपत्रिकेसारखा तपासायला घेतला आणि ‘हाताळणी शुल्क’ या ओळीवर पेन थांबवलं.

‘‘हे कशाचं?’’

‘‘गाडी हाताळल्याचं, सर.’’

‘‘कुणी हाताळली?’’

‘‘आम्हीच.’’

‘‘मग न हाताळलेली द्या.’’

बाईंनी नम्रपणे सांगितलं की तशी गाडी कंपनीत शिल्लक नसते. मग मास्तरांनी वही उघडून सरासरी वाचून दाखवली. बाईंनी दहाही नावं शांतपणे ऐकली.

‘‘सर, यातल्या सहा गाड्या मीच विकल्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे सगळेही येताना अशीच सरासरी घेऊन आले होते.’’

मास्तरांच्या मेहुण्याने एक हुकमी डाव शिकवला होता : उठायचं, दाराकडे चालू लागायचं, सातव्या पावलाला मागून हाक येते. मास्तर अकरा पावलं चालले. हाक आली नाही. काचेचं दार मात्र आपोआप उघडलं.

घरी सगळं ऐकून पत्नीने विचारलं, ‘‘अहो, वर्गात दहा मुलांनी चुकीचं उत्तर लिहिलं, तर सरासरी काढून बरोबर येतं का?’’

‘‘अगं, ती मुलं. ही शिकलीसवरलेली माणसं आहेत.’’

मास्तर शोरूमच्या फोनची वाट पाहत राहिले. फोन आला तो नव्या महिन्याच्या एक तारखेला : कंपनीने किंमत वाढवली होती. त्यानंतर मास्तरांनी तीन चकरा मारल्या, घासाघीस केली आणि अखेर गाडी आठ लाख पाच हजारांना पदरात पाडून घेतली. पायाखालच्या रबरी चटया मात्र फुकट. हा विजय त्यांनी घरात चार वेळा सांगितला.

गाडी दारात आली तोवर दोन महिने उलटले होते. गुडघा आता वाकत नसल्यामुळे पत्नी पुढच्या सीटवर मावेना. तिला मागे, पाय लांब करून, तिरकं बसवावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आता सवडीने आलात तरी चालेल.

परतताना फाटकाशी शिंपी भेटला. गळ्यात टेप, हातात कापडाचं गाठोडं.

‘‘मास्तर, केवढ्याला पडली?’’

मास्तरांनी आधी आजूबाजूला पाहिलं, काच अर्धी वर घेतली आणि आवाज खाली आणला.

‘‘सात लाखाला. कुणाला बोलू नका, मला खास म्हणून दिली.’’

शिंप्याने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. ‘‘म्हणजे मी खरंच फसलो म्हणायचं,’’ म्हणाला आणि दुकानाकडे वळला.

मागच्या सीटवरून पत्नी म्हणाली, ‘‘अहो, माझा गुडघा वहीत कुठे लिहिणार? समासात?’’

मास्तरांनी काच पूर्ण वर घेतली.

वही अजून चालू आहे. नवी गाडी घेणारे ती मागून नेतात आणि सरासरी दर वेळी थोडी खाली उतरते. शेवटच्या पानावर एक ओळ तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे. आकडा सांगायला आलात की दार तेवढं लावून घ्या.