बिबट्या आला तेव्हा मास्तर झोपले होते

पोटभर जेवण झालं की गुमेडे मास्तरांच्यानं गाडी चालवणं होत नसे. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या इम्फोलोझीच्या जंगलात दुपारचं चाक दरवर्षी त्यांच्या बायकोच्या, झोद्वाच्या हातात येई. आणि दरवर्षी म्हणजे अगदी दरवर्षी! लग्न झाल्यापासून जुलैची, तिकडच्या ऐन हिवाळ्यातली एक सुट्टी या माणसानं दुसरीकडे काढली नव्हती. सिंह बघून झाले, गेंडे तर तोंडपाठ झाले. राहिला होता फक्त बिबट्या.

झोद्वाला हवा होता समुद्र. जंगलापासून तासाभराच्या वाटेवर, अगदी किनाऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीचं, खोसीचं घर होतं. पण त्या घरात खोसीचा नवरा झुंगुही राहत होता, आणि झुंगुनं पकडलेले मासे दर भेटीत वीतभर वाढत. मास्तरांना साडूचं तोंड पाहवत नसे. शेवटी पुतणीच्या लग्नात बायकोनं समुद्राचा विषय काढला, तेव्हा मास्तर चार वडीलधाऱ्यांसमोर तावातावानं बोलून बसले, "मला एकदा बिबट्या दिसू दे, मग दर जुलैला तुझा समुद्र. शब्द आहे माझा!" वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. आता तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर त्या दुपारी सामान डिकीत टाकून दोघं मुक्कामाच्या छावणीकडे निघाले होते. मास्तर शेजारी, मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा धरून, अडखळत अडखळत घोरत होते. झोद्वानं वळण घेतलं आणि कचकन ब्रेक दाबला.

रस्त्याच्या मधोमध बिबट्या! ऊन खात पसरलेली मादी, आणि तिच्या शेपटीशी खेळणारं पिल्लू.

"अहो!" झोद्वा कुजबुजली. "अहो, लुंगेलोचे बाबा! उठा!"

मास्तरांच्या घोरण्याला एकदम ताल आला.

ओरडावं तर बिबट्या पळणार, हॉर्न द्यावा तरी पळणार. झोद्वानं चिमटा काढला. मास्तर घोरले. तिनं हीटर पूर्ण सोडला. मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळला, पण पापणी काही हलली नाही. तिनं बाटलीतलं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. मास्तर शहारले आणि दुप्पट जोमानं घोरू लागले.

एव्हाना मागे गाड्यांची रांग लागली होती. बाजूला येऊन थांबलेल्या गाडीतल्या पोरानं काच खाली केली.

"आजी, आजोबांना उठवा ना! असा चान्स परत येत नाही."

"उठवतेय रे बाबा!"

"दगावले तर नाहीत ना?"

"एवढं घोरणारा माणूस दगावतो होय?" झोद्वा वैतागली. "जाऊ दे! कोंबडी तरी मी संपवते."

तिनं डबा ओढला. डबा येईना. डोळे गच्च मिटलेल्या मास्तरांनी दोन्ही हातांनी तो घट्ट आवळून धरला होता.

"अस्सं आहे होय!" झोद्वा म्हणाली.

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला ब्रह्मदेवही उठवू शकत नाही. बिबट्याची मादी उठली, आळस दिला आणि पिल्लाला घेऊन गवतात शिरली. गाड्या पांगल्या. झोद्वानं रागारागानं गाडी पुढे काढली.

मास्तरांचा बेत साधा होता. जरा वेळ जाऊ द्यायचा, मग जांभई देऊन विचारायचं, "काही दिसलं का गं?" पण पोटात कोंबडी, अंगावर हीटरची ऊब. सोंग घेता घेता त्यांना खरीच झोप लागली. घोरण्याचा ताल बिघडला तसं झोद्वानं ओळखलं. पुढच्या फाट्याला डावीकडे छावणी होती. तिनं गाडी उजवीकडे, जंगलाच्या फाटकाकडे वळवली. यांना बिबट्या दाखवता येत नसेल, तर साडू तरी दाखवू!

काचेवर टकटक झाली तेव्हा मास्तर दचकून जागे झाले. बाहेर लाटांचा आवाज होता आणि काचेला नाक लावून साक्षात झुंगु उभा होता.

"या या, साडूबुवा! शेवटी आलात म्हणायचं! काय, यंदाही बिबट्या नाहीच ना? अहो, नशीब लागतं त्याला. आता माझंच बघा, काल हा एवढा मासा..." झुंगुनं दोन्ही हात फाकवले.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते दार ढकलून बाहेर आले.

"कोण म्हणतं नाही? आत्ता दुपारी पाहिला! रस्त्याच्या मधोमध, या इथून त्या फाटकाएवढ्या अंतरावर! मादी होती मादी, आणि पिल्लू तिच्या शेपटीशी खेळत होतं. मागे गाड्यांची ही रांग! तुमचा मासा कुणी पाहिला?"

झुंगुचे हात हळूहळू खाली आले. साडूपुढे आपली सरशी झालेली मास्तर जन्मात पहिल्यांदाच बघत होते. छाती फुगवून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

झोद्वा डिकीतलं सामान काढत होती.

"ताई, किती दिवस राहणार गं?" खोसीनं दारातून विचारलं.

"या खेपेला चारच," झोद्वा म्हणाली. "पुढच्या वर्षापासून अख्खा जुलै."